काता: एकट्याने किती, जोडीने किती आणि कोणत्या क्रमाने

काता म्हणजे बचाव आणि हल्ल्याच्या हालचालींचा ठरलेल्या क्रमाचा संच. एकट्याने काता करताना समोरचा काल्पनिक माणूस फार शहाण्यासारखा वागतो. आपल्याला सोयीच्या जागी येतो, आपला ब्लॉक (हल्ला अडवणारा हात) जिथे आहे तिथेच बुक्की मारतो आणि पंच लागला की गपचूप मागे सरतो. जोडीने सराव करताना हाच शहाणपणा खरा जोडीदार दाखवतो. बुक्की चार बोटं अलीकडेच थांबवतो, हात पुढे ठेवून पुतळ्यासारखा उभा राहतो, आपण नीट ढकलायच्या आधीच पडतो. फसवणूक दोन्हीकडे आहे, पण एका सरावातली चूक दुसऱ्या सरावात उघडी पडते. म्हणून प्रश्न 'एकट्याने की जोडीने' असा नाही. एकाच तुकड्यावर दोन्ही सराव आलटून पालटून कसे करायचे, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी शोतोकान या कराटे शैलीचा पहिला काता घेऊ, हेइआन शोदान. यात २१ हालचाली आहेत आणि दोन किआई (जोरदार आरोळ्या), नवव्या आणि सतराव्या हालचालीवर. काही शैलींमध्ये हाच काता पिनान निदान या नावाने शिकवतात. तिथे बारीकसारीक फरक असतात, पण पुढची पद्धत तशीच लागू पडते.

कराटेत काता म्हटला की एकट्याचा, हे इतकं अंगवळणी पडलंय की दुसरी शक्यता चटकन सुचतच नाही. ज्युदोत उलट आहे. तिथला नागे-नो-काता म्हणजे १५ फेकी, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून, आणि तोरी (फेकणारा) व उके (फेकला जाणारा) अशा दोघांशिवाय तो होतच नाही. केंदोचे (जपानी तलवारबाजीचे) १० कातासुद्धा जोडीचेच, ७ लांब तलवारीचे आणि ३ आखूड तलवारीविरुद्ध लांब तलवार असे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी शारीरिक शिक्षणासाठी जो काता रचला, त्यात एकट्याचा भाग आणि जोडीचा भाग असे दोन सरळ विभाग ठेवले. दोन्हीची गरज त्यांनी रचनेतच मान्य केली होती.

आधी एकट्याने: जमिनीवरचा हिशोब

स्टान्सची (उभं राहण्याच्या पवित्र्याची) लांबी, वजनाची वाटणी, कंबरेचं फिरणं, वळणातला तोल आणि श्वास या गोष्टी एकट्यानेच बसतात. समोर माणूस असला की लक्ष त्याच्या हाताकडे जातं आणि पाय सुटतात. म्हणून सुरुवात इथून करा.

साधारण ५ बाय ५ मीटर मोकळी जागा घ्या. उभे राहता तिथे दोन्ही अंगठ्यांसमोर चिकटपट्टी लावा. काता पूर्ण करा, पाय न हलवता खाली पाहा. पाऊलभर फरक चालेल. त्यापेक्षा जास्त असेल तर चूक कुठे आहे ते पट्टीच सांगते:

- पट्टीच्या पुढे संपलात, तर तीन आगे-उके (वरच्या दिशेचे ब्लॉक) करत पुढे जाताना पावलं लांब पडली आणि तीन ओई-झुकी (पाऊल टाकून मारलेले पंच) करत परत येताना आखूड. दमलेल्या पायांचं हे नेहमीचं लक्षण.
- पट्टीच्या मागे संपलात, तर उलट. पंच मारायच्या उत्साहात परतीची पावलं लांबली.
- उजवीकडे सरकलात, तर चौथी हालचाल तपासा. तिथे पुढचा उजवा पाय अर्धा मागे ओढून उभं राहायचं असतं. तो ओढायचा राहिला की पुढच्या पावलात अर्ध्या स्टान्सची भर पडते. हे अर्धं पाऊल लक्षात ठेवा, जोडीच्या सरावात ते परत येणार आहे.

झेनकुत्सु-दाचीत (पुढच्या पायावर भार असलेल्या लांब स्टान्समध्ये) पुढच्या पायावर सुमारे ६० टक्के वजन, रुंदी कंबरेएवढी. रुंदी गेली, म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत आले, की बाजूने हलका धक्का दिला तरी माणूस डुलतो. कोकुत्सु-दाचीत (मागच्या पायावर भार असलेल्या स्टान्समध्ये) मागच्या पायावर सुमारे ७० टक्के. ती तपासायची सोपी युक्ती: स्टान्स घेतल्यावर पुढचं पाऊल जमिनीवरून दोन बोटं उचलून पाहा. शरीर अगदी किंचितच मागे नेऊन उचलता आलं तर वजन योग्य जागी आहे.

गुडघ्यांची खरी परीक्षा नवव्या आणि सतराव्या हालचालींनंतरच्या २७० अंशांच्या वळणात होते. फिरताना सगळं वजन एका पायावर दाबून ठेवलं आणि तळवा रबरी मॅटला चिकटला, तर कंबर फिरते आणि पाऊल मागे राहतं. मधला गुडघा पिळला जातो. आधी मान वळवून नव्या दिशेला बघा, मागचा पाय टाका, पायावरचा भार क्षणभर हलका करून पाऊल फिरवा आणि मगच वजन बसवा. गुडघा कायम पायाच्या बोटांच्या दिशेत राहिला पाहिजे.

एका सत्रात सहा ते आठ वेळा काता पुरे. दोनदा मोजणीवर, दोनदा अगदी सावकाश (एक काता साधारण दोन मिनिटांत), दोनदा नेहमीच्या वेगाने, म्हणजे सुमारे ४० सेकंदांत. तीस वेळा करण्यात मर्दुमकी वाटते खरी, पण दहाव्यानंतर शरीर दमलेला काता पाठ करायला लागतं. आठवड्यातून एकदा मोबाईल कंबरेच्या उंचीवर ठेवून एक काता समोरून आणि एक बाजूने चित्रित करा. डोकं वरखाली होतंय का, मागची टाच उचलतेय का, एवढंच बघा. आरशावर विसंबू नका. आरशात बघायची सवय लागली की नजर समोरच्या माणसाऐवजी स्वतःच्या मुठीवर राहते.

मग जोडीने: आधी अंतर मोजा

जोडीत उभं राहिल्याबरोबर हल्ला सुरू करू नका. बचाव करणाऱ्याने हात खाली ठेवून स्थिर उभं राहावं. हल्लेखोराने सावकाश एक पाऊल टाकून छातीवर ओई-झुकी मारावी. मूठ गणवेशाच्या कापडाला दाबून टेकली पाहिजे आणि तेव्हा कोपर किंचित वाकलेलं असलं पाहिजे. कोपर पूर्ण ताठ होऊन मूठ कशीबशी कापडाला लागत असेल, तर तो हल्ला मुळात पोहोचतच नव्हता. योग्य अंतर सापडलं की दोघांच्या पुढच्या अंगठ्यांसमोर पट्टी लावा. हे अंतर हल्लेखोराच्या हाताच्या लांबीवर ठरतं, बचाव करणाऱ्याच्या सोयीवर नाही. जोडीदार बदलला की पट्टी पुन्हा लावायची.

हल्ला कुणी करायचा? अनुभवी माणसाने. केंदोच्या कातामध्ये उचिदाची, म्हणजे पहिला वार करणारा आणि शेवटी हरणारा, हा मोठा किंवा शिक्षक असतो, आणि जिंकणारा शिदाची हा शिकणारा. कारण खरा, सरळ, योग्य अंतराचा आणि तरीही आवरता येणारा हल्ला करणं हे बचावापेक्षा अवघड काम आहे. बहुतेक वर्गांत नेमकं उलट होतं: नवशिका वाकडीतिकडी बुक्की फेकतो आणि वरच्या पट्ट्याचा माणूस आपलं कौशल्य दाखवतो. दोघंही काही शिकत नाहीत. दोघं नवशिके असतील, तर पहिले दोन आठवडे बचाव विसरून नुसता हल्ला घोटा.

वेग टप्प्याटप्प्याने वाढवा:

१. एक हल्ला पाच सेकंदांचा. दोघांचा वेग सारखा. हल्ला सावकाश आणि बचाव विजेसारखा, असं केलं तर सराव वाया.
२. चालण्याच्या वेगाने, प्रत्येक बाजूने दहा वेळा.
३. खऱ्या वेगाने, पण मूठ कापडावर थांबवून.
४. वेग तोच, पण हल्ला कधी येणार हे न सांगता. हल्लेखोराने एक ते पाच सेकंदांत केव्हाही यावं आणि पाचातून एकदा यायचंच नाही.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वेग किंवा अनिश्चितता. चौथ्या टप्प्यात एक जुनी लबाडी उघडी पडते. हल्ला कोणता ते आधीच माहीत असल्याने बचाव करणारा समोरचा हलण्यापूर्वीच सुटलेला असतो. हल्ला आलाच नाही तरी हात उठला, तर तो ब्लॉक नव्हता, पाठांतर होतं.

हल्लेखोराचीही एक ठरलेली चूक आहे. पंच मारून हात तसाच हवेत ठेवायचा आणि जोडीदाराची पुढची चार तंत्रं संपायची वाट बघायची. हात लगेच मागे ओढा, नाहीतर पुढे दाबत राहा. दोन्हीपैकी काय करायचं ते आधी ठरवून घ्या, कारण बचावाची पुढची हालचाल त्यावरच अवलंबून असते.

तुकडे पाडून: कातामधली कोणती जागा काय शिकवते

पूर्ण काता एकदम जोडीने करायला घेऊ नका. २१ हालचालींचे पाच तुकडे करा: १-२, ३-५, ६-९, १४-१७, १८-२१. मधल्या १० ते १३ हालचाली सुरुवातीच्याच भागाची उजळणी आहेत, चौथी हालचाल वगळून.

*हालचाल १-२, गेदान-बराई (खालचा ब्लॉक) आणि ओई-झुकी.* पुस्तकी अर्थ असा की समोरून माए-गेरी (सरळ लाथ) आली, ती खाली झटकली आणि पंच मारला. हे जोडीने करताना नवशिके हात सरळ खाली आपटतात. मनगटाजवळचं हाड थेट नडगीवर बसतं आणि नडगी ही हाताच्या हाडापेक्षा कितीतरी दणकट. उपाय हात कडक करण्यात नाही. शरीर रेषेतून अर्धं पाऊल बाजूला काढा आणि पाय बाजूने वळवा, ठोकू नका. दुसरा अर्थ पकडीचा. जो हात हिकितेला, म्हणजे कंबरेकडे मागे जातो, त्यात समोरच्याचं मनगट आहे आणि गेदान-बराईचा हात त्याच्या कोपराच्या वरच्या बाजूला दाब देतो. हे फक्त पहिल्या टप्प्याच्या वेगाने करा, कारण ताठ कोपराला झटका सोसत नाही. एकदा हे करून पाहिलं की एकट्याच्या कातामध्ये हिकितेचा हात आपोआप जिवंत होतो. एरवी तो कंबरेला लटकलेला असतो.

*हालचाल ३-५, सुटका आणि मुठीचा हातोडा.* जोडीदाराने उजवं मनगट पकडायचं, खरोखर पकडायचं. नुसत्या हाताच्या ताकदीने ओढून पाहा. जोडीदार बलवान असेल तर सुटत नाही. आता पुढचा पाय अर्धा मागे ओढत, कंबर मागे घेत, त्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या फटीच्या दिशेने मनगट काढा. सुटतं. मग हात डोक्यावरून गोल फिरून करंगळीकडची मूठ त्याच्या हातावर किंवा कॉलरबोनवर येते (सरावात फक्त टेकवायची). पट्टीवर उजवीकडे सरकवणारं ते हरवलेलं अर्धं पाऊल हेच. एकट्याने करताना ते नुसती शोभा वाटतं, म्हणून गळतं. पकड सोडवताना त्याच्याशिवाय चालत नाही.

*हालचाल ६-९, तीन आगे-उके.* इथे जोडीचा सराव एक अडचणीचा प्रश्न उभा करतो. ठरलेल्या कुमितेत (जोडीच्या लढतीच्या सरावात), म्हणजे गोहोन (पाच पावलांच्या) किंवा सानबोन (तीन पावलांच्या) कुमितेत, बचाव करणारा मागे जात आगे-उके करतो. कातामध्ये मात्र आपण पुढे जातो. समोरचा ओई-झुकी मारत पुढे येतोय आणि आपणही पुढे जातोय, मग अंतर उरतच नाही आणि ब्लॉकला जागा मिळत नाही. दोन पर्याय करून पाहा. एक, समोरचा मागे हटतोय असं धरून त्याचा पुढचा हात पकडून खाली ओढा आणि दुसरा फोरआर्म त्याच्या हनुवटीखाली किंवा छातीच्या वरच्या भागाशी नेऊन त्याला मागे रेटा. दोन, पहिला आगे-उके जागेवरच, उरलेले दोन रेटत. आमच्या मते पहिला पर्याय कातामधल्या पावलांशी जास्त जुळतो. गळ्याशी हात नेताना तो बंद आणि मऊ ठेवा, घशावर दाब नको.

*हालचाल १४-१७, तीन ओई-झुकी.* जोडीदाराने मागे हटायचं, पण प्रत्येक वेळी सारखं नाही. एकदा पूर्ण पाऊल, एकदा अर्धं, एकदा जागेवरच. बहुतेक जण तिन्ही पंच ठरलेल्याच लांबीने टाकतात. जोडीदार जागेवर थांबला की धडकतात, लांब गेला की ताणून पुढे वाकतात. पाऊल समोरच्याकडे बघून पडलं पाहिजे. एकट्याच्या सरावाला परत येताना मात्र लांबी पुन्हा सारखी करा, नाहीतर जमिनीवरचा हिशोब चुकेल.

*हालचाल १८-२१, शुतो-उके (उघड्या हाताच्या कडेने ब्लॉक).* इथे ४५ अंशांची पावलं आहेत. जोडीदाराने सरळ रेषेत दोन हल्ले करावेत. पाऊल तिरकं पडलं तर तुम्ही हल्ल्याच्या रेषेबाहेर असता, सरळ पडलं तर बुक्की छातीवर. कातामधली दिशा शत्रू कुठून आला हे सांगते, की आपण कुठे सरकायचं हे सांगते, यावर जाणकारांत दोन तट आहेत. हा तुकडा जोडीने केल्यावर दुसरा तट जास्त पटतो.

परत एकट्याने, तेही लगेच

जोडीत एक तुकडा झाला की पाच मिनिटांच्या आत तोच तुकडा एकट्याने तीनदा करा. आता काल्पनिक माणसाला उंची आहे, वजन आहे, त्याचा हात कुठे होता ते आठवतंय. पहिल्यांदा सावकाश, हाताला झालेला स्पर्श आठवत. दुसऱ्यांदा कंबरेवर लक्ष ठेवून. तिसऱ्यांदा नेहमीच्या वेगाने. हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. त्यामुळे जोडीत सापडलेली दुरुस्ती जोडीतच राहते आणि पुढच्या आठवड्यात एकट्याचा काता ये रे माझ्या मागल्या.

दर दोन आठवड्यांनी जोडीदार बदला: एक उंच, एक बुटका, शक्य असेल तर एक डावखुरा. एकाच जोडीदारासोबत महिनोन्‌महिने सराव केला की दोघांत मूक करार होतो आणि सगळं छान जमायला लागतं. तेव्हा सावध व्हा.

फेकी आणि पकडी असतील तर

ज्युदोत किंवा फेक असलेल्या बंकाईत (काताच्या हालचालींचा जोडीने केलेला वापर) जोडीदार स्वतःहून उडी मारून पडतो, ही मुख्य चूक. ती पकडायची असेल तर फेकीच्या आधी तोल काढण्यापर्यंतच जा आणि दोन सेकंद थांबा. समोरच्याचं वजन चवड्यांवर किंवा टाचांवर आलेलं दिसलं पाहिजे. तो आरामात उभा असेल, तर पुढची फेक त्याच्या सौजन्याने होणार होती. उकेमी (सुरक्षित पडण्याचं तंत्र) पक्की नसलेल्याला फेकू नका. एकट्याने फेकीची पावलं घोटणं उपयोगी आहे, पण समोर वजन नसल्याने पाठ सरळ राहते की वाकते हे कळत नाही.

इजा टाळण्यासाठी

नखं कापलेली, अंगठ्या, कडी, घड्याळ काढलेलं. खऱ्या वेगाच्या टप्प्यांत गमशिल्ड (दातांचं संरक्षण) घाला. लाथ अडवण्याच्या सरावात फोरआर्म आणि नडगीचे पॅड वापरा. थांबायची खूण आधी ठरवा: हाताने दोनदा थोपटलं, की तत्काळ सोडायचं, 'दुखतंय का' विचारत बसायचं नाही. लहान मुलांकडून सांध्यांवरचे दाब आणि गळ्याजवळचे हात करून घेऊ नका, त्यांना अंतर आणि पावलांचाच सराव पुरेसा आहे. एकट्याच्या सरावात दुखणं हळूहळू साठतं, बहुधा गुडघ्यात आणि ताठ झटक्यांनी कोपरात. हवेत पंच मारताना कोपर शेवटपर्यंत झटकून लॉक करू नका.

जोडीदार नसेल तर

छताला किंवा दाराच्या चौकटीला दोरीने एक हलका चेंडू आपल्या छातीच्या उंचीवर टांगा. पाऊल टाकून मूठ चेंडूला जेमतेम स्पर्श करेल असं बघा. चेंडू लांब उडाला तर अंतर कमी ठेवलंत, हलला नाही तर जास्त. चेंडू झोके घेत असताना हेच करा, वेळेचा अंदाज येईल. विंग चुन या चिनी युद्धकलेत याच कामासाठी लाकडी डमी असते. ती अंतर आणि कोनाबाबत खोटं बोलत नाही, पण जागची हलत नाही, ही तिची मर्यादा. पकडीच्या सरावासाठी जुना पट्टा भक्कम खांबाला बांधून त्याचं टोक मनगटाला गुंडाळा आणि चौथी हालचाल करा. सुटणार नाही, पण ओढ कंबरेतून येते की खांद्यातून, हे लगेच कळेल.

आठवड्याची मांडणी

आठवड्यात एकेक तासाची तीन सत्रं धरू. पहिले तीन महिने, म्हणजे काता पाठ होऊन स्टान्स बसेपर्यंत, एका तासातली ४५ मिनिटं एकट्याने आणि १५ जोडीने, तीही फक्त अंतर मोजणं आणि पहिला टप्पा. त्यानंतर: १० मिनिटं शरीर गरम करणं, १० मिनिटं एकट्याने पूर्ण काता, २५ मिनिटं एकाच तुकड्याचा जोडीने सराव, १० मिनिटं तोच तुकडा परत एकट्याने, शेवटी एक पूर्ण काता. एका तुकड्याला एक आठवडा द्या. पाच तुकड्यांना पाच आठवडे होतात, सहाव्या आठवड्यात तुकडे जोडा.

स्पर्धेच्या महिनाभर आधी एकट्याचा वाटा वाढवावा लागतो, कारण गुण लय, तोल आणि नेमकेपणाला मिळतात. संघ काताच्या पदकाच्या फेरीत तिघे खेळाडू बंकाईही दाखवतात. ती प्रेक्षकांना आणि पंचांना दिसावी म्हणून बसवलेली असते, हवेतल्या उड्यांसकट. तिचा सराव वेगळा ठेवा आणि वरच्या टप्प्यांत मिसळू नका.

एक छोटी वही ठेवा. प्रत्येक सत्रानंतर दोन ओळी: पट्टीपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकलो, आणि जोडीत कोणती हालचाल चौथ्या टप्प्यात मोडली. पुढच्या सत्रातला तुकडा दुसऱ्या ओळीवरून निवडा.